घरचा इंकजेट: सव्वा वर्षानंतर

मागच्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, साडेतीन हजारांत इंकजेट प्रिंटर घेतला. नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीच्या टोकालाच झेरॉक्सवाला आहे. पण लेकीला रात्री नऊला आठवतं की उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, म्हणून घेतला.

दोन महिने बरे गेले. मग कळलं, हे यंत्र वापरून बिघडत नाही, न वापरून बिघडतं. आमची पानं महिन्याला जेमतेम पंधरा. शाईची भोकं केसाहून बारीक, त्यात शाई वाळते. मे महिन्यात नाशिक चाळिशीला टेकलेलं, आम्ही दहा दिवस गावाला. परत येऊन पाहतो तर अक्षरांतून पांढऱ्या रेघा. 'हेड क्लीनिंग' द्यावं, तर तेही शाई ओढूनच भोकं साफ करणार. चार वेळा दिलं. कागदावर धड एक ओळ नाही आणि शाईची पातळी मात्र खाली! शेवटी कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, काढून तिचं तोंड कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर दोन मिनिटं टेकवलं. टिश्यूवर गुलाबी आणि निळा पट्टा उमटला, पिवळा नाहीच. तिसऱ्यांदा टेकवल्यावर तोही आला.

तिन्ही रंग एकाच डबीत, हे आणखी एक दुखणं. लेकीच्या नकाशांतल्या अरबी समुद्राने निळा पिऊन टाकला आणि पिवळा-गुलाबी शिल्लक असताना अख्खी डबी बदलायची वेळ आली. काळी-रंगीत जोडी अठराशेला, म्हणजे निम्मा प्रिंटरच.

खरा संताप आला तो सातबाऱ्याच्या दिवशी. दहाला दिंडोरीला पोचायचं होतं. काळी शाई भरपूर, सातबाऱ्यात रंगीत काही नाही, तरी प्रिंटर अडून बसला: रंगीत कार्ट्रिज संपलंय. गेलो झेरॉक्सवाल्याकडे. "काय काका, प्रिंटर घेतला होता ना?" पाच रुपये दिले आणि गप निघालो.

पावसाळ्यात कागद सर्दावून दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, ते वेगळंच.

फोटो मात्र छान येतात, हे मान्य. सध्या दर रविवारी एक रंगीत पान उगाच छापतो, तेवढ्याने भोकं उघडी राहतात. डबीऐवजी शाईची टाकी असलेल्या प्रिंटरमध्ये शाई स्वस्त पडते, पण वाळायची ती वाळतेच. महिन्याला दहा-पंधरा काळी पानं असतील, तर साधा लेझर घ्या. टोनर म्हणजे पूड, वाळायचा प्रश्नच नाही.