दांडिया बाजारातलं जुन्या पुस्तकांचं दुकान : ५ पैकी ४ स्टार

आतल्या गल्लीत आहे, बोर्ड नाही काही नाही, विचारत विचारत जावं लागतं. एक स्टार धुळीचा कापलाय, आणि काका यूपीआय घेत नाहीत, सुट्टे घेऊन जा.

पण कायद्याचं कपाट जरूर बघा. कुठल्यातरी वकिलांच्या घरचा अख्खा गठ्ठा आलाय, पस्तीच्या भावात नाही मिळणार पण भाव करता येतो. मला त्यात केनेसॉ माउंटन लँडिस नावाच्या अमेरिकन जजचं चरित्र मिळालं, सांगितले २५० आणि दिलं १५० ला. वडील सिव्हिल वॉरमध्ये ज्या डोंगरावर जखमी झाले त्याचंच नाव पोराला ठेवलेलं! शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस १९०५ ला शिकागोत फेडरल जज झाला आणि १९०७ ला त्याने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीला, रेल्वेकडून भाड्यात चोरून सूट घेतली म्हणून, १४६२ वॅगन गुणिले २० हजार असा २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलर दंड ठोकला. रॉकफेलरला पण साक्षीला कोर्टात उभं केलं. पेपरवाल्यांचा हीरो. आणि पुढच्याच वर्षी अपिलात सगळा दंड उडाला.

पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून जर्मनभाषिक सोशालिस्ट नेता व्हिक्टर बर्गरला २० वर्षं कैद दिली, तर १९२१ ला सुप्रीम कोर्टाने ती पण रद्द केली, कारण जर्मन लोकांबद्दल हा आधीच काहीबाही बोलून बसलेला, मग ती केस याने चालवायलाच नको होती. लेखक या जजसाहेबांच्या प्रेमात आहे, अपिलांचं दोन ओळीत उरकतो, मला तर तेच वाचायचं होतं.

खरी मजा बेसबॉलची. १९२० च्या शेवटी टीमच्या मालकांनी याला कमिशनर, म्हणजे बेसबॉलचा सर्वेसर्वा केलं, मॅच फिक्सिंगमधले ८ खेळाडू ज्युरीने सोडले तरी याने दुसऱ्याच दिवशी त्यांना कायमचं बाहेर काढलं, आणि इथे वर अपील ऐकायला कोणीच नाही, म्हणजे याला हवी तशी खुर्ची! जजची खुर्ची पण १९२२ पर्यंत सोडली नाही. १९४४ ला वारला, तोपर्यंत मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नाही, यावर पुस्तक गप्प.

घेताना पानं चाळून घ्या, माझ्या कॉपीतले फोटो कोणीतरी कापून नेलेत आणि काका परत घेत नाहीत. दुपारी बंद असतं, संध्याकाळी जा.