विवाहाधारित व्हिसा आणि सल्लागाराची फी: एका अर्जदाराचा अभिप्राय

माझे पती अमेरिकेचे नागरिक असून न्यू जर्सीत नोकरी करतात. आमचे लग्न डिसेंबर २०२२ मध्ये साताऱ्यात झाले, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या नावाने आय-१३० हा अर्ज (नागरिकाने जोडीदाराला अमेरिकेत नेण्यासाठी प्रथम करायचा अर्ज) ऑनलाइन दाखल झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वकिलातीत माझी मुलाखत झाली. या वीस महिन्यांतील कागदपत्रांच्या कामासाठी आम्ही पुण्यातील एका व्हिसा सल्लागार कार्यालयाला ४५ हजार रुपये दिले. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. कार्यालयाचे नाव मी देत नाही. ज्यांना असे कार्यालय गाठायचे आहे त्यांना नावापेक्षा तेथे काय विचारावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रथम सरकारी खर्च, म्हणजे सल्लागाराची फी कशाच्या जोडीला द्यावी लागते याची कल्पना येईल. आय-१३० साठी आमच्या वेळी ५३५ डॉलर पडले. १ एप्रिल २०२४ पासून तेच शुल्क ऑनलाइन अर्जाला ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर झाले. अर्ज मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीपूर्वी शुल्क व कागदपत्रे घेणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्राकडे, गेल्यावर व्हिसा अर्जाचे ३२५ आणि पतीच्या आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर भरावे लागले, आणि व्हिसा हाती आल्यावर ग्रीन कार्डासाठी आणखी २३५. वैद्यकीय तपासणीचा खर्च वेगळा. ही सर्व रक्कम आम्ही स्वतः संकेतस्थळावर भरली. त्यात सल्लागाराची काहीही मदत लागली नाही.

कार्यालयाचे पहिले काम जन्मदाखल्याचे होते आणि तेथेच दोन महिने वाया गेले. माझ्या जन्माची नोंद नगरपालिकेत होती, पण त्या काळातील अनेक दाखल्यांप्रमाणे बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. आईवडिलांची नावे, तारीख आणि दवाखाना सारे नीट, फक्त माझा पत्ता नाही. सल्लागारांनी सांगितले की नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. ती सोय ज्यांची नोंदच नाही त्यांच्यासाठी असते. माझी नोंद डोळ्यांसमोर असताना नगरपालिका ‘नोंद नाही’ असे लिहून देणार तरी कशी? हे तेथील कारकुनानेच मला समजावले, आणि शाळा सोडल्याचा दाखला व वडिलांचा अर्ज घेऊन रकान्यात नाव चढवून दिले. त्या गृहस्थांनी फी घेतली ती फक्त नव्या प्रतीची.

भाषांतराचाही असाच अनुभव आला. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतर अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते, एवढीच नॅशनल व्हिसा सेंटरची अट आहे. कार्यालयाने मात्र प्रत्येक पानावर नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि पानागणिक पैसे लावले.

पण माझी खरी तक्रार डीएस-२६० या ऑनलाइन व्हिसा अर्जाविषयी आहे. महाराष्ट्रातील विवाहितेचे नाव ही परदेशी फॉर्मसाठी मोठीच कसोटी असते. माझ्या पासपोर्टवर माहेरचे पूर्ण नाव आहे, म्हणजे मधले नाव वडिलांचे. लग्नानंतर आधार कार्डावर आणि बँकेत पतीचे नाव व आडनाव लागले. त्यातच सासूबाईंच्या हौसेखातर लग्नात ताटातील तांदळात अंगठीने माझे नवे नावही लिहिले गेले होते, आणि एका उत्साही दिरांनी ते थेट गॅस जोडणीच्या कागदांवर चढवले होते. डीएस-२६० मध्ये आपण वापरलेली इतर सर्व नावे विचारतात. सल्लागारांनी तेथे ‘नाही’ असे उत्तर भरले आणि मला न दाखवता अर्ज सादर केला.

त्याच अर्जात आणखी एक प्रश्न असतो: हा अर्ज भरण्यास तुम्हाला कोणी मदत केली का? तेथेही ‘नाही’ होते. नंतर मी आय-१३० ची प्रत काढून पाहिली. अर्ज दुसऱ्याने तयार केला असेल तर त्याने स्वतःचे नाव, पत्ता आणि सही देण्याचा जो भाग असतो, तोही कोरा होता, जरी आमच्या खात्याचा पासवर्ड मागून घेऊन सारी माहिती त्याच कार्यालयात भरली गेली होती. मी कारण विचारले तेव्हा सल्लागार हसून म्हणाले, “ताई, आमचे नाव कशाला? त्याने उगाच शंका येतात.” ज्या माणसाला आपल्या कामाखाली सही करायची नाही, त्याने ते काम ४५ हजारांना का विकावे, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. अर्जातील उत्तरे खरी असल्याची हमी अर्जदार देतो. चूक उघड झाली तर उत्तर द्यायला मुलाखतीच्या काचेपुढे मी उभी राहणार होते, सल्लागार नव्हे.

सादर केलेला डीएस-२६० कुलूपबंद होतो. दुरुस्तीसाठी मी स्वतः नॅशनल व्हिसा सेंटरला लिहिले, अर्ज पुन्हा खुला झाला, आणि मी तिन्ही नावे व मदत करणाऱ्या कार्यालयाचे नाव भरले. सल्लागारांना ते कळवल्यावर त्यांचा फोन तीन आठवडे लागला नाही.

न्याय म्हणून चांगलेही सांगते. कार्यालयातील एक तरुण कर्मचारी अत्यंत व्यवस्थित होती. पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचा दाखला कधी काढायचा याची आठवण तिने केली (त्याचे शुल्क ५०० रुपये), आणि पतीच्या हमीपत्रासोबतचे कर विवरण अपुरे असल्याचे तिच्याच लक्षात आले. या हमीपत्रात कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. २०२४ मध्ये दोघांच्या कुटुंबासाठी ते २५,५५० डॉलर होते. वैद्यकीय तपासणीपूर्वी लसींच्या जुन्या नोंदी शोधायलाही तिनेच सांगितले. माझे बालपणीचे लसीकरण कार्ड सापडले नाही आणि काही लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागल्या, हा आमच्या पोटमाळ्यावरच्या पसाऱ्याचा दोष.

मुलाखतीची ‘तयारी’ म्हणून सल्लागारांनी चाळीस प्रश्नोत्तरांचा कागद दिला होता आणि तो पाठ करण्यास सांगितले होते. शिवाय केळवणापासून सत्यनारायणापर्यंतच्या साठ छायाचित्रांचा अल्बम. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत फोन नेता येत नाही, त्यामुळे पारदर्शक फोल्डर तेवढे हातात होते. शेजारच्या खिडकीवर एका आजींची मुलाखत गुजरातीतून निवांत चालली होती. माझ्या खिडकीवर उजवा हात वर करून शपथ झाली आणि अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न नावांचा विचारला: या तीन नावांपैकी नेमके तुमचे कोणते? मी तांदळाची गोष्ट सांगितली. त्यांनी भारतातील नोकरीच्या काळात ती पूर्वी ऐकली असावी, कारण त्यांनी फक्त ‘आणि तुम्ही कोणते वापरता?’ असे विचारून नोंद केली. मग आम्ही प्रथम कोठे भेटलो, पती सध्या कोणासोबत राहतात, लग्नानंतर ते किती वेळा आले, एवढेच. अल्बममधील तीन छायाचित्रे पाहिली गेली. त्यांतील एक अंतरपाटाचे होते. सात-आठ मिनिटांत व्हिसा मंजूर असल्याचे सांगून पासपोर्ट ठेवून घेतला. चाळिसांपैकी एकही पाठ केलेले उत्तर जसेच्या तसे कामी आले नाही.

एक महत्त्वाची गोष्ट सल्लागारांनी सांगितलीच नाही. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त मिळते, आणि त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ती अट काढून घेण्यासाठी आय-७५१ हा आणखी एक अर्ज करावा लागतो. आमची दोन वर्षे डिसेंबरात पूर्ण होत होती आणि व्हिसाची मुदत पुरेशी होती. दिवाळीनंतरचे तिकीट काढण्याची आमची घाई चालली होती. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने हे सांगितले म्हणून आम्ही ते वाढदिवसाच्या, म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाच्या, पुढच्या आठवड्याचे काढले. विमानतळावर विवाहाची तारीख दाखवली आणि नोंद त्याप्रमाणे झाली.

सेवेला मी पाचपैकी दोन गुण देते, आणि ते दोन्ही त्या कर्मचारी मुलीचे. ज्यांचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला आहे किंवा ज्यांच्या आधीच्या विवाहाचे कागद गुंतागुंतीचे आहेत, त्यांनी परवानाधारक इमिग्रेशन वकील गाठावा. अशा कार्यालयांना कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकारच नसतो. बाकीच्यांनी पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे, की अर्ज तयार करणाऱ्याच्या रकान्यात तुम्ही सही कराल का. नोटरीचे ३,२०० रुपये मी परत मागितले आहेत. अद्याप आलेले नाहीत.