'बुक ऑफ कॉन्कॉर्ड', कोल्ब–वेंगर्ट आवृत्ती: पंथात वाद पेटले असतील तर शेवटापासून वाचा

पंथात फूट पडायला लागली की पाळक ऐक्याचं आवाहन करतात, सगळे 'आमेन' म्हणतात आणि पुढच्या सभेत भांडण होतं तिथूनच सुरू होतं. नेमकं कुठे फाटलंय हे कोणी लिहूनच काढलेलं नसतं. मार्टिन लूथरच्या शिकवणीवर उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती, म्हणजे लूथरन मंडळ्यांनी 16व्या शतकात ते काम केलं. 'बुक ऑफ कॉन्कॉर्ड' हा त्यांच्या विश्वासाच्या अधिकृत दस्तऐवजांचा संग्रह; त्याच्या शेवटी असलेला 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड' म्हणजे त्याच कामाचं फळ. हे परीक्षण मुख्यतः त्याच भागाचं आहे; आवृत्ती रॉबर्ट कोल्ब आणि टिमथी वेंगर्ट यांनी संपादित केलेली, इंग्रजी, 2000 सालची.

लूथर 1546 मध्ये गेला आणि त्याच्याच माणसांत वाद पेटले. लूथरन धर्मपंडित याकोब आंद्रेए यांनी आधी थोडक्या, मोघम कलमांवर सगळ्यांना एकत्र आणून पाहिलं. कोणीच विश्वास ठेवला नाही, कारण चूक काय ते त्यात सांगितलेलं नव्हतं. 1573 मध्ये त्यांनी सहा प्रवचनं छापली. वादाचा एकेक मुद्दा साध्या माणसाला कळेल असा मांडला आणि काय नाकारायचं तेही स्पष्ट सांगितलं. मार्टिन केम्निट्झ आणि इतर धर्मपंडितांनी त्यावर मेहनत घेतली आणि 1577 मध्ये मजकूर पक्का झाला. फार लांब झालंय अशी तक्रार आली, म्हणून आंद्रेए यांनी संक्षेपही केला. तोच 'एपिटमी'.

मंडळीच्या पंचांनी, सिनडच्या (मंडळ्यांच्या परिषदेच्या) प्रतिनिधींनी 'एपिटमी'पासूनच सुरुवात करावी. कलमं 12. बहुतेक कलमांची मांडणी एकच: वाद काय आहे, आम्ही काय मानतो, काय नाकारतो. एका बैठकीला एकच कलम घ्या. वादाचा प्रश्न मोठ्यानं वाचा आणि पुढे जाण्याआधी दोन्ही बाजूंना कशाची भीती होती ते गटाकडून वदवून घ्या. ही पायरी गाळली की नाकारलेल्या मतांची यादी म्हणजे शत्रूंची यादी वाटायला लागते. बहुतेक गट नेमके इथंच बिघडतात.

चौथं कलम उत्तम नमुना आहे. धर्मपंडित गेओर्ग मायोर म्हणत, तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, सत्कर्मं आवश्यक आहेत. लूथरचे जुने मित्र निकोलाउस फॉन आम्सडोर्फ उलट टोकाला गेले: सत्कर्मं तारणाला घातक आहेत. कलमानं दोन्ही वाक्यं नाकारली, आपल्या बाजूच्या माणसाचंही. सत्कर्मं खऱ्या विश्वासाचं फळ म्हणून येतात आणि आलीच पाहिजेत, पण तारण मिळवण्यासाठी नाही, असा निवाडा दिला. दोघांचंही नाव मजकुरात नाही! नावं संपादकांच्या टिपांत सापडतात आणि तिथंच ती शोभतात. ऐक्यासाठी सत्य पातळ करायचं नाही आणि सत्यासाठी माणसाला चव्हाट्यावर आणायचं नाही, हे इतकं नीट साधलेलं फार कमी ठिकाणी दिसतं.

दहावं कलम रीतिरिवाजांचं. देवाच्या वचनात आज्ञाही नाही आणि मनाईही नाही अशा गोष्टी मंडळी बदलू शकते. शिकवणीत एकमत असेल तर रिवाज वेगळे म्हणून एकमेकांना दोषी धरायचं नाही. मात्र छळाच्या काळात, विश्वासाची कबुली पणाला लागली असताना, अशा गोष्टींतही माघार घ्यायची नाही. उपासनेच्या पद्धतीवरून तंटे असतील तर हे कलम सर्वांत आधी घ्या. नववं कलम अगदी छोटं आहे: ख्रिस्त अधोलोकात कसा उतरला यावर खल करत बसू नका, साधेपणानं विश्वास ठेवा. कुठे थांबायचं हेही त्या लोकांना कळत होतं.

उणिवा आहेतच. सातवं आणि आठवं कलम, प्रभुभोजन आणि ख्रिस्ताची व्यक्ती, तयारीशिवाय जड जातं. त्याआधी याच पुस्तकातल्या ऑग्जबर्ग विश्वासांगीकाराचं, म्हणजे लूथरन मंडळ्यांच्या मूळ विश्वास-जाहीरनाम्याचं, सातवं कलम वाचा. मंडळीच्या ऐक्याला सुवार्तेच्या शिकवणीत आणि संस्कारांत एकमत पुरेसं आहे, हे माप तिथं मिळतं. शिवाय या सूत्रानंही सगळे जोडले गेले नाहीत. 1580 मध्ये पुस्तक निघालं तेव्हा सुमारे 8,000 पाळकांच्या आणि शिक्षकांच्या सह्या झालेल्या होत्या, तरी डेन्मार्कच्या राजानं त्यावर बंदीच घातली.

पुस्तकाची प्रस्तावना लोक गाळतात; गाळू नका. धिक्कार खोट्या शिकवणीचा आणि ती हट्टानं पसरवणाऱ्यांचा आहे, भोळेपणानं चुकणाऱ्यांचा नाही, हे तिथं स्पष्ट लिहिलंय.

एकट्यानं वाचणाऱ्या नवख्याला 2005 साली निघालेली कॉन्कॉर्डिया प्रकाशनाची वाचक-आवृत्ती सोपी जाईल: वाक्यं सुटसुटीत, टिपा भरपूर. अभ्यासगटासाठी मात्र कोल्ब–वेंगर्टच घ्यावी. गटात वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर पान क्रमांक सांगू नका. कलम आणि परिच्छेदाचा क्रमांक सांगा. अडचण फक्त 'अपॉलजी'त, म्हणजे ऑग्जबर्ग विश्वासांगीकाराच्या समर्थनात येते, कारण कोल्ब–वेंगर्टमध्ये तिचा मजकूर 1531च्या दुसऱ्या आवृत्तीवरून घेतलाय. तिथं ओळीचे पहिले चार शब्द वाचून जागा जुळवून घ्या.