ओस्वीगो अभ्यासपाठ: ग्रामीण साथरोग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी कितपत उपयोगी?

ग्रामीण आरोग्य विभागात साथरोग सर्वेक्षणाच्या कामावर नव्याने रुजू झालेल्यांना उद्रेकाचा तपास शिकवायचा असेल, तर अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने) विनामूल्य उपलब्ध करून दिलेला ओस्वीगोचा अभ्यासपाठ आजही पहिल्या पसंतीचा ठरावा. मात्र त्याच्या प्रती नुसत्याच वाटून दिल्या, तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

प्रसंग खराखुरा आहे. एप्रिल १९४० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओस्वीगो परगण्यातल्या एका खेड्यात चर्चच्या सामुदायिक भोजनानंतर अनेकांना उलट्या, जुलाब आणि पोटदुखी सुरू झाली. स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याने जिल्हा अधिकाऱ्याला कळवले आणि तपासासाठी जो साथरोगतज्ज्ञ पाठवण्यात आला, तो स्वतःही प्रशिक्षणार्थीच होता. भोजनाला उपस्थित असल्याचे माहीत असलेल्या ८० जणांपैकी ७५ जणांना गाठून विचारपूस झाली. त्यांपैकी ४६ आजारी पडले होते.

या पाठाचे खरे सामर्थ्य त्याच्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक व्यक्तीची माहिती एकेका ओळीत मांडलेल्या यादीत आहे. आजारी पडलेल्या ४६ जणांपैकी २९ जणांनी हॅम (डुकराचे खारवलेले मांस) खाल्ले होते, एवढे दिसताच नवखा कर्मचारी हॅमकडे बोट दाखवतो. पण हॅम न खाल्लेल्या २९ जणांपैकीही १७ आजारी होते, म्हणजे खाणाऱ्यांत ६३ टक्के आणि न खाणाऱ्यांत ५९ टक्के, हे त्याने स्वतः मांडून पाहिले की संशय आपोआप मावळतो. याउलट व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ जणांपैकी ४३ आजारी होते, तर न खाल्लेल्या २१ जणांपैकी केवळ ३. केवळ रुग्णांना प्रश्न विचारून भागत नाही, जे धडधाकट राहिले त्यांचीही माहिती तितकीच लागते, हे यापेक्षा चोख पद्धतीने शिकवणारे साहित्य क्वचितच असेल. यादीतला एक मुलगाही लक्षात ठेवण्याजोगा आहे: त्याने भोजनापूर्वीच, सकाळी ११ वाजता आइस्क्रीम खाल्ले आणि दुपारी ३ वाजता तो आजारी पडला. इतरांचा अधिशयन काळ, म्हणजे खाल्ल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, साधारण ३ ते ७ तासांचा असल्याने, वेगळा वाटणारा हा रुग्णच निष्कर्षाला बळकटी देतो. पुढे आइस्क्रीमच्या नमुन्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा अन्नातून विषबाधा घडवणारा जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळला.

उणिवाही नजरेआड करण्यासारख्या नाहीत. माहिती आयती मिळते, त्यामुळे घरोघरी फिरून ती गोळा करताना येणारे अडथळे प्रशिक्षणार्थींच्या वाट्याला येतच नाहीत. ७५ जण बोलायला तयार होणे ही ग्रामीण कर्मचाऱ्याच्या दृष्टीने चैनच म्हणावी लागेल, कारण लसीकरणापासून अहवाल भरण्यापर्यंतची सगळी कामे त्याच्या एकट्याच्या गळ्यात असतात. जेवणाची वेळ सर्वांना आठवली नाही, हे यादीतून कळते खरे; परंतु आठवण कशी करून द्यावी, हे पाठात शिकायला मिळत नाही. रुग्णांच्या विष्ठेचे नमुने त्या वेळी घेतले गेले नव्हते. ही त्रुटी मला शिकवण्याच्या दृष्टीने मोलाची वाटते, पण प्रशिक्षकाने मुद्दाम बोट ठेवले नाही, तर ती सहज निसटते.

म्हणूनच प्रशिक्षकाने लाइन लिस्ट सुरुवातीलाच हाती देऊ नये. आधी रुग्णाची व्याख्या आणि प्रश्नावली प्रशिक्षणार्थींकडून लिहवून घ्यावी, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपुरतीच माहिती पुरवावी. अटॅक रेट, म्हणजे एखादा पदार्थ खाणाऱ्यांपैकी आणि न खाणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले हे प्रमाण, पहिल्या खेपेस कागदावरच काढावा. साथरोगाच्या माहितीचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर नंतर शिकता येते, आणि संगणक बंद असलेल्या दिवशी कागदच कामी येतो.

तीन महिने स्वतःच्या नेमणुकीच्या ठिकाणी काम करत पूर्ण करावयाच्या फ्रंटलाइन या साथरोग प्रशिक्षणाला हा पाठ पर्याय ठरत नाही. ज्यांना नियमित उद्रेक तपासायचे आहेत, त्यांना ते प्रशिक्षण द्यावेच. परंतु त्यासाठी माणूस मोकळा करणे ज्या विभागाला तूर्त शक्य नाही, त्याने निदान एक दुपार ओस्वीगोसाठी राखून ठेवावी आणि त्या दुपारी लिपिकापासून प्रयोगशाळा तंत्रज्ञापर्यंत सर्वांना बसवावे.