एनएचटीएसएची रिकॉल तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने वापरावी अशी ही सोय आहे. एनएचटीएसए ही इथली रस्ते-वाहन सुरक्षेची सरकारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर गाडीचा विन नंबर, म्हणजे त्या एकाच गाडीचा ओळख क्रमांक, टाकला की कोणत्या रिकॉलची (सुरक्षेतल्या दोषामुळे कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावण्याची) दुरुस्ती बाकी आहे ते कळतं. ही सोय २०१४पासून आहे, मी गेले काही महिने नियमित वापरतोय. स्वतःच्या गाडीसाठी, आणि न्यू जर्सीत शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींनी पसंत केलेल्या गाड्यांसाठीही. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. काचेतून डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला दिसणारा १७ अक्षरी नंबर टाकायचा, बस.

माझ्या गाडीची पॅसेंजर एअरबॅग बदलायची बाकी निघाली. विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कंपनीच्या डीलरकडे ती फुकट बदलून मिळाली. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी विकता येत नाही, भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही २०१६पासून तशी मनाई आहे. पण जुन्या गाड्यांच्या डीलरला केंद्रीय कायदा अडवत नाही. हे मला मुळीच पटत नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याकडेच सहसा पैसे कमी आणि माहितीही कमी असते.

आता खरा मुद्दा. ‘रिकॉल नाही’ असं उत्तर आलं म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. कंपनीने दोष कबूल केला किंवा सरकारने तिला तो करायला लावला, तरच तो या यादीत येतो. जनरल मोटर्सचं इग्निशन स्विच प्रकरण आठवा. शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांचा स्विच इतका सैल होता की जड किल्ल्यांच्या जुडग्याने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने किल्ली मागे फिरायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग जड व्हायचं आणि धडक बसली तर एअरबॅग उघडायचीच नाही. कंपनीतल्या इंजिनिअरांना हे ठाऊक होतं. २००५मध्ये डीलरना सूचना गेली ती एवढीच, की ग्राहकाला जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. २००६मध्ये स्विचचा भाग गुपचूप बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना कोणता नि नवा कोणता हे पुढे कित्येक वर्षं कुणाला कळेना. जॉर्जियातल्या एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी केलेल्या दाव्यात वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा ते उघडकीस आलं. रिकॉल सुरू झाला फेब्रुवारी २०१४मध्ये, गाड्यांचा आकडा २६ लाखांवर गेला. कंपनीने उभारलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. संसदेच्या सुनावणीत दुरुस्तीच्या सुट्या भागाची किंमत निघाली ५७ सेंट! २०१५मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून खटला टाळला. एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. मला याची चीड येते.

रिकॉलआधीच्या या सगळ्या वर्षांत ही सोय असती आणि कोबाल्टचा विन नंबर कुणी तपासला असता, तरी हाती काही लागलं नसतं. मात्र गाडी चालता चालता बंद पडते अशा तक्रारी लोक एनएचटीएसएकडे पाठवत होते. संस्थेने २००७ आणि २०१० असं दोनदा हे प्रकरण पाहिलं आणि चौकशी उघडली नाही.

म्हणून मी विन नंबरवर थांबत नाही. त्याच संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून मालकांच्या तक्रारी वाचतो. भाषा विस्कळीत असते, काही तक्रारी निव्वळ रागाच्या असतात, वाचायला वेळ जातो. पण तोच बिघाड वेगवेगळ्या राज्यांतली माणसं सांगू लागली, की मी त्या गाडीला नको म्हणतो. मागच्याच महिन्यात एका मुलीला अशीच एक गाडी सोडायला लावली.

उणिवा आहेत. १५ वर्षांपेक्षा जुने रिकॉल दिसतीलच असं नाही, आणि विद्यार्थी नेमक्या तशाच गाड्या घेतात. नुकताच जाहीर झालेला रिकॉल नंबरनिहाय यादी तयार होईपर्यंत दिसत नाही, म्हणून गाडी घेतल्यावरही अधूनमधून तपासत राहा.

पाचपैकी चार तारे. तुमच्या गाडीत सुरक्षेचा काही बिघाड झाला तर दुरुस्ती करून गप्प बसू नका. वेग किती होता, गाडी किती मैल चालली होती, नेमकं काय झालं हे लिहून तिथे तक्रार नोंदवा. तेवढ्यासाठी वकील लागत नाही, आणि व्हिसा कोणता आहे हेही कुणी विचारत नाही.