पंप लावून झोपणं: मिनिमेड ७८०जी आठ महिने वापरल्यानंतर

मिनिमेड ७८०जी हा मधुमेहींसाठीचा, दिवसरात्र अंगावर लावायचा इन्सुलिन पंप. तो घ्यायचा विचार करणारे बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात: "रात्री काढून ठेवायचा ना?" नाही. इन्सुलिन पेनने टोचून घेणाऱ्या माणसाच्या अंगात चोवीस तास पुरणारं लाँग-अॅक्टिंग इन्सुलिन असतं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन भरतात, त्यामुळे शिल्लक अशी काही नसतेच. पुरवठा तुटला की तीन-चार तासांत कीटोन (इन्सुलिन नसलं की रक्तात साचणारी घातक आम्लं) वाढायला लागतात, आणि झोप सात तासांची असते. आंघोळीला किंवा नवरा-बायकोच्या जवळिकीच्या वेळी तासाभराच्या आत काढून परत लावता येतो, पण काढून झोपायचं नाही.

पंपाच्या पेटीचा बाऊ करण्यासारखं काही नाही. साधारण १० × ५.५ × २.५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. आठ-दहा रात्रींत अंगवळणी पडते. झोप मोडते ती इन्सुलिनच्या नळीमुळे, सेन्सरवर (कातडीला लावलेल्या शुगर मोजणाऱ्या यंत्रावर) टाकलेल्या अंगामुळे आणि भलत्या वेळी बदललेल्या सेटमुळे (नळी आणि तिच्या टोकाची, कातडीत जाणारी बारीक कॅन्युला मिळून सेट). म्हणून कॅन्युला कुठे, सेन्सर कुठे आणि आपण कोणत्या कुशीवर झोपतो, या तिन्ही गोष्टी एकत्र ठरवायच्या. नव्यांना शिकवताना या सुट्या सुट्या सांगतात, आणि तिथेच घोळ होतो.

आधी पंप ठेवायची जागा. कमरेची क्लिप ही दिवसाची वस्तू; रात्री कूस बदलली की तीच बरगडीखाली येते. पायजम्याच्या नाडीला अडकवली तर नाडी सैल होऊन पंप पायाशी जातो. सगळ्यात बरा ठरला तो शिंप्याकडून शिवून घेतलेला सुती पट्टा: चार-पाच सेंटिमीटर रुंद मऊ इलॅस्टिक, त्यावर ८ × ११ सेंटिमीटरचा खिसा, खिशाला वरून झाकण आणि नळीसाठी कोपऱ्यात काजं. वेल्क्रोची खरखरीत बाजू अंगाकडे येऊ देऊ नका, घामाने तिथे पुरळ येतं. तयार मिळणारे निओप्रीनचे पट्टे दिसायला छान असतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांच्याखाली कातडी भिजून जाते. खिसेवाली बंडी घालणाऱ्यांना पट्ट्याचीही गरज नाही, फक्त खिशाला बटण हवं.

पंप गादीवर मोकळा ठेवून झोपणारेही बरेच आहेत. त्यासाठी ११० सेंटिमीटरची नळी लागते; ६० ची पट्ट्यावर ठीक, पण मोकळ्या पंपाला तोकडी पडते. लांब नळीचा जास्तीचा भाग गुंडाळून पेपर टेपने पंपाच्या पाठीला चिकटवायचा. तरीही कूस बदलताना ओढ बसेलच, म्हणून कॅन्युलापासून चार बोटांवर नळीचा एक छोटा वळसा कातडीवर टेपने दाबून ठेवायचा. मग झटका त्या टेपला बसतो, कॅन्युलाला नाही. हे एवढंसं काम, पण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं. पंप खाटेवरून खाली लोंबणार असेल तर मोकळा ठेवण्याच्या फंदात पडू नका. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांना ती भीती नाही, मात्र मच्छरदाणीची कड गादीखाली खोचताना नळी सापडत नाही ना ते बघायचं.

कॅन्युलाची जागा निवडताना बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब हे सगळ्यांना ठाऊक असतं. परकराची किंवा सलवारीची नाडी जिथे बसते ती ओळ कुणी सांगत नाही. तिथे सेट लावला तर रात्रभर नाडीचा दाब बसतो, आणि मऊ टेफ्लॉनची ६ किंवा ९ मिलिमीटरची कॅन्युला वाकू शकते. पोटावर झोपणाऱ्यांनी नितंबाचा वरचा भाग धरावा, पाठीवर झोपणाऱ्यांनी पोट किंवा मांडीची बाहेरची बाजू. एका कुशीवर झोपण्याची सवय असेल तर सेट दुसऱ्या बाजूला. बारीक अंगाच्या माणसाची सरळ कॅन्युला वारंवार वाकत असेल तर तिरक्या सेटचा विचार करावा. स्टीलच्या सुईचा सेट वाकत नाही, पण झोपेत टोचतो आणि दर दोन दिवसांनी बदलावा लागतो.

आता सेन्सर. दंडाच्या मागच्या बाजूला लावलेल्या गार्डियन ४ सेन्सरवर अंगाचा भार पडला की तिथल्या पेशींभोवतीच्या द्रवाचा ओघ मंदावतो आणि आकडा खोटाच खाली येतो. पडद्यावर ते असं दिसतं: ११८, ११०, ९२, ७१, ५८ (शुगरचे सगळे आकडे mg/dL मध्ये), दर पाच मिनिटांनी एक. अंगात सक्रिय इन्सुलिन (आधी दिलेलं, अजून काम करत असलेलं) जेमतेम ०.३ युनिट दिसत असताना शुगर इतकी कड्यावरून पडल्यासारखी पडत नाही. कूस बदला, पंधरा-वीस मिनिटांत रेषा वर येते. पण अंदाजावर भागवू नका. घाम, थरथर काही असेल किंवा शंका असेल तर बोट टोचून बघा, मगच साखर खा किंवा न खाता झोपा. या खोट्या 'लो'चा दुसरा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही: पंप तो आकडा खरा मानून इन्सुलिन थांबवतो आणि पहाटे शुगर खरोखरच वर गेलेली असते. सकाळच्या १७० चा दोष रात्रीच्या भाताला द्यायच्या आधी तीन-चार वाजताचा आलेख बघा.

सेन्सर अंगाखाली दबला की सिग्नलही तुटतो, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्याने भरलेल्या शरीरातून नीट जात नाहीत. मग ऑटो मोड (सेन्सरचा आकडा बघून पंप स्वतः इन्सुलिन कमी-जास्त करतो ती सोय) सेफ बेसलवर, म्हणजे ठरावीक संथ पुरवठ्यावर, जातो, जास्तीत जास्त चार तास, त्यानंतर मॅन्युअलवर. सेन्सर ज्या बाजूला, पंपही त्याच बाजूला ठेवला की हा त्रास बराच कमी होतो. नवीन सेन्सर लावायचा तर सकाळी किंवा दुपारी. दोन तासांचा वॉर्म-अप असतो आणि त्यानंतरही पहिले काही तास आकडे थोडे भरकटतात.

सेट बदलण्याची वेळ हा सुरक्षिततेचा खरा मुद्दा. झोपताना सेट बदलायचा नाही, कधीच नाही. सकाळी नाश्त्याच्या बोलसआधी (जेवणाखाण्यासाठी एकदम द्यायचा डोस) बदलला तर कॅन्युला नीट बसली की नाही हे दोन तासांत कळतं. नाइलाजाने रात्री बदललाच तर दीड-दोन तास जागं राहून शुगर बघा. पंपाचा अडथळ्याचा अलार्म दाबावर चालतो. ताशी अर्धा युनिट बेसल (सतत थेंबथेंब जाणारं इन्सुलिन) असेल तर नळी तुंबल्यावर तेवढा दाब साचायला काही तास जातात. आणि कॅन्युला कातडीबाहेर आली असेल तर दाबच नसतो, अलार्म वाजणारच नाही. पंप बिनधास्त चादरीला इन्सुलिन देत राहतो. तिथे नाक कामाला येतं. इन्सुलिनमध्ये क्रेसॉल असतं, त्याचा वास दवाखान्यातल्या फिनेलसारखा. झोपण्यापूर्वी टेपवरून बोट फिरवून वास घेणं विचित्र वाटेल, पण दहा सेकंदांचं काम आहे.

बुडबुड्यांचंही तसंच. फ्रिजमधून काढलेल्या कुपीतलं इन्सुलिन लगेच पंपात भरलं तर ते कोमट होताना नळीत हवा सुटते, नेमकी रात्री. कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पंप भरा. बोटाच्या पेराएवढा बुडबुडा म्हणजे जवळपास अर्धा युनिट, ताशी ०.६ बेसलवाल्याला पाऊण तास इन्सुलिनच नाही. भरताना नळीच्या जोडावर इन्सुलिन सांडू देऊ नका, तिथली हवेची बारीक छिद्रं बुजतात आणि मात्रेत गडबड होते.

अलार्म. पांघरुणाखाली, वर पंखा किंवा कूलर, अशा वेळी नुसत्या आवाजावर विसंबू नका. आवाज आणि कंपन दोन्ही चालू ठेवा. ५४ चा 'लो' अलार्म बंद करता येत नाही, ते बरंच आहे. बाकीचे इशारे मात्र रात्रीपुरते शहाणपणाने कमी करावेत. 'हाय'चा इशारा १८० वर ठेवून रात्रभर उठत बसलेला माणूस महिन्याभरात सगळेच इशारे गप्प करायला लागतो. रात्री २५० पुरे, डॉक्टरांना विचारून. रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची नळकांडी) संपत आल्याचा इशारा ४० युनिटला लावला तर तो बहुधा संध्याकाळीच वाजतो, पहाटे चारला नाही. बॅटरी साधी डबल ए, एक जादा उशाशी. ऑटो सस्पेंड (ठरावीक तास एकही बटण दाबलं नाही तर इन्सुलिन थांबवणारी सोय) चालू असेल तर त्यातले तास तुमच्या सर्वात लांब झोपेपेक्षा जास्त आहेत ना बघा. नाहीतर रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्याचं इन्सुलिन पंप स्वतःच बंद करेल.

एकटे झोपत असाल तर फोनवरचं ॲप आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला तुमची शुगर दाखवणारं केअरलिंक कनेक्ट ॲप दोन्ही लावा, आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मधून त्यांना सूट द्या.

उशाशी एक डबा असावा: ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, ग्लुकोज, कीटोनच्या पट्ट्या, पेन आणि सुया, एक जादा सेट. 'लो' आल्यावर पंधरा ग्रॅम साखर खायचा जुना नियम इथे जरा जास्त होतो, कारण पंपाने बेसल आधीच थांबवलेलं असतं. बहुतेकांना आधी आठ-दहा ग्रॅम पुरतात, म्हणजे साखरेचे दोन सपाट चमचे, मग पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, हे घरच्यांना दिवसा, शांतपणे सांगून ठेवा. उलट बाजूला, कारण नसताना शुगर २५० च्या वर गेली तर कीटोन बघा. ०.६ (mmol/L) च्या वर असतील तर करेक्शन (वाढलेली शुगर उतरवायचा डोस) पंपाने नाही, पेनने; आणि सेट तिथल्या तिथे बदला. १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर थेट दवाखाना. पेनने घेतलेल्या इन्सुलिनचा पंपाला पत्ता नसतो, तो आपल्या हिशेबाने आणखी देत बसेल. म्हणून काही तास ऑटो मोड बंद ठेवायचा की कसं, हे आधीच डॉक्टरांशी ठरवलेलं असावं.

ऑटो मोडचं टार्गेट १००, ११० किंवा १२० ठेवता येतं. पहिले काही आठवडे १२० वर झोप शांत लागते. नवरात्रात गरबा खेळून आलात तर रात्री शुगर उशिरा घसरते, तेव्हा १५० चं तात्पुरतं टार्गेट लावून झोपा. लग्नातलं जेवण रात्री साडेदहाला झालं आणि बोलस विसरला, तर तासाभराने आठवल्यावर पूर्ण बोलस टाकू नका. पंपाने तोवर स्वतः करेक्शन दिलेलं असतं, आणि दोन वाजता दोन्ही एकदम अंगावर येतात.

उन्हाळ्यात पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या पुढे जाऊ नये. विदर्भात वीज गेलेल्या रात्री पंप अंगाखाली दाबून झोपलं की ती मर्यादा फार लांब नसते, म्हणून पट्टा बनियनच्या वरून बांधा आणि रिझर्व्हायर लवकर बदला. थंडीत शेकायची पिशवी सेटच्या जागेवर नको, इन्सुलिन भसकन रक्तात उतरतं. रेल्वेच्या बर्थवर किंवा स्लीपर बसमध्ये पंप भिंतीकडच्या बाजूला आणि नळी पूर्ण कपड्यांच्या आत. येणाजाणाऱ्याच्या पिशवीचा बंद नळीत अडकायला वेळ लागत नाही.