शिक्षणाची अधिष्ठाने: दहा महिने दुसरीच्या वर्गात वापरून पाहिल्यावर

डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका) असताना ज्या विषयाचा मला सगळ्यात जास्त कंटाळा यायचा, त्याबद्दलच आज लिहितेय. शिक्षणाची अधिष्ठाने, म्हणजे शिक्षण ज्या पायांवर उभं असतं ते. तात्त्विक, समाजशास्त्रीय, मानसशास्त्रीय, ऐतिहासिक. आमच्या अध्यापक विद्यालयात हा विषय म्हणजे नोट्स उतरवून घेणं होतं. मानसशास्त्रज्ञ पियाजे आला की बौद्धिक विकासाच्या चार अवस्था, कोहलबर्ग आला की नैतिक विकासाचे तीन स्तर, आदर्शवाद-निसर्गवाद-कार्यवाद आले की तीन रकान्यांचा तक्ता. मानसशास्त्राच्या प्रयोगांची जर्नल आम्ही मागच्या बॅचच्या जर्नलवरून पूर्ण केली. टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, बालमानसशास्त्राला १५० पैकी ३० गुण असतात. तेवढ्यासाठी गाईड पाठ केलं, पास झाले आणि विषय संपला असं धरून चालले.

जून २०२५ पासून मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मानधनावर दुसरीला शिकवतेय. पट सव्वीस. त्यातल्या बहुतेकांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. ज्यांची डी.एल.एड., बी.एड. किंवा टीईटीची तयारी चालू आहे, त्यांना हा विषय नोकरीत खरंच लागतो का, ते सांगते.

ऑगस्टमधली गोष्ट. संख्यांचं श्रुतलेखन चाललं होतं. मी म्हटलं, "त्रेसष्ट." पहिल्या बाकावरच्या मुलाने लिहिलं ३६. पंचेचाळीस म्हटलं, त्याने लिहिलं ५४. एकोणपन्नासला ५९. मी तेच केलं जे माझ्या शाळेत माझ्याबाबतीत झालं होतं: प्रत्येक संख्या दहा-दहा वेळा लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३६.

त्या रात्री जुनी वही काढली. पियाजेबद्दल एक गोष्ट आमच्या गाईडमध्ये नव्हतीच, ती मी नंतर वाचली. तरुणपणी पॅरिसमध्ये तो मुलांच्या चाचण्यांवर काम करत होता आणि बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी त्याला धरून ठेवलं. ठरावीक वयाची मुलं ठरावीक पद्धतीनेच का चुकतात, हा त्याचा प्रश्न. चार अवस्था त्याच्या कितीतरी नंतर आल्या. आम्हाला उत्तरं शिकवली, मूळ प्रश्न कोणी सांगितलाच नाही.

मग मी त्या मुलाचं ३६ नीट पाहिलं. त्रेसष्टमध्ये कानावर आधी 'त्रे' पडतो, म्हणजे तीन. त्याने आधी तीन लिहिला. एकोणपन्नासमध्ये त्याला पन्नास ऐकू आलं, म्हणून पाच, आणि 'एकोण'मधून त्याने नऊ काढला. एकोणतीस, एकोणचाळीस नऊवर संपतात हे त्याने आपलं आपण हेरलं होतं! पोरगं ढ नव्हतं, नियम लावत होतं. मराठी संख्यानाम एकक आधी सांगतं आणि आपण लिहितो दशक आधी, एवढाच घोळ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २१ चं 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. मीही तेव्हा घरात नावं ठेवली होती. आता वर्गात उभी राहिल्यावर कळतंय की तो प्रश्न पुस्तक करणाऱ्यांनी हवेतून आणला नव्हता.

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. त्याला म्हटलं, त्रेसष्ट मांड. तो अडला. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "आधी साठ मांड की, मग तीन." त्याने सहा गठ्ठे ठेवले, तीन सुट्या काड्या ठेवल्या आणि पाटीवर ६३ लिहिलं. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं निकट विकास क्षेत्र मला चार पर्यायांतून बरोबर निवडता येत होतं. त्या दुपारी ते माझ्यासमोर, दोन लेकरांच्या मधल्या वीतभर जागेत दिसलं. एकट्याला जमत नाही, जरा आधार दिला की जमतं, मग आधार काढून घ्यायचा. पंधरा दिवसांनी त्याला काड्या लागेनात.

तेव्हापासून एक वही ठेवलीय. डाव्या पानावर मुलाची चूक जशीच्या तशी, उजव्या पानावर तो असा का गेला असेल याचा माझा अंदाज. या विषयाचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे ही वही.

पण सगळंच असं कामाला आलं नाही, तेही सांगायला हवं. पियाजेची वयं गाईडमध्ये कुंपणासारखी छापलेली असतात: २ ते ७, ७ ते ११. माझा अख्खा वर्ग त्या कुंपणावर बसलेला आहे. पोषण आहाराच्या वेळी मी दोघींना मोजून एक-एक पळी खिचडी वाढली. एकीच्या ताटात ती पसरली, दुसरीच्या वाटीत शिगोशीग दिसली, आणि दुसरीला जास्त दिलं म्हणून पहिली रडकुंडीला आली. तिच्याच वयाची तिसरी म्हणाली, "सारखंच हाय, वाटी लहान हाय." वय पाठ करून उपयोग नाही, मूल कुठे आहे ते त्याला विचारूनच कळतं.

मानसशास्त्रज्ञ स्किनरचं प्रबलन, म्हणजे बक्षीस देऊन सवय पक्की करणं, मी फार उत्साहाने लावलं होतं. वाचून दाखवलं की वहीवर तारेचा शिक्का. तीन आठवडे वर्ग फुललेला. नंतर पुस्तक उघडायच्या आधीच पोरं विचारायला लागली, "मॅडम, आज शिक्का हाय का?" ज्या मुलीला आधीपासून वाचायला आवडायचं, तीही विचारायला लागली. शिक्का कपाटात ठेवून दिला आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आदर्शवाद-निसर्गवादाचा तो तक्ता तर महिनोन्‌महिने उघडलाही नाही. फक्त परसबागेत वाफे आखताना, मुलं सुतळीने अंतर मोजून मेथी लावत होती तेव्हा, १९३७ च्या वर्धा परिषदेतली गांधीजींची नई तालीम आठवली. कामातून शिकणं म्हणजे काय हे मेथीच्या ओळींनी समजावलं, तेवढं तक्त्याने कधी समजावलं नव्हतं.

दिवाळीनंतर वर्ग रिकामा झाला. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, टोळ्या निघाल्या, सव्वीसांतले अकरा गेले. उरलेले आजी-आजोबांजवळ. माझे आई-वडीलही कोयत्यावर जायचे आणि मी आजीपाशी राहून शिकले, म्हणून ती रिकामी बाकं मला बघवत नव्हती. ऐतिहासिक अधिष्ठानात आम्हाला एक ओळ होती: '१८८२, हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांचे निवेदन.' हंटर आयोग म्हणजे इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग. दोन गुणांची टीप. या हिवाळ्यात ते निवेदन पूर्ण वाचलं. लोक गरीब आहेत, गुरं राखायला आणि शेतात त्यांना पोरांचे हात लागतात, म्हणून नुसती शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं ते सांगतात. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणतात. आणि शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातले असावेत, जे लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. ते वाचताना मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले. सरकारच्या आयोगाला ते जे सांगत होते, त्यात मी होते.

समाजशास्त्रीय भागातला शिक्षण हक्क कायदा २००९ असाच जानेवारीत कामाला आला. एक मुलगी आजीसोबत आली, वय नऊ, जवळ दाखला नाही, वर्षाच्या मधेच. आजीला वाटत होतं शाळा परत पाठवेल. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं असतं, हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. मुख्याध्यापक सरांनी त्याच दिवशी नाव घातलं. तिला चौथीत बसवलं, वाचनासाठी रोज अर्धा तास माझ्याकडे.

सरांचंही सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त उरली आहेत त्या शिक्षकांनाही टीईटी लागणार, म्हणून सरांनी माझ्या नोट्स मागितल्या. 'निकट विकास क्षेत्र' वाचून म्हणाले, "हे तर मी रोज करतो, याला नाव आहे हे माहीत नव्हतं." मला नाव माहीत होतं, करता येत नव्हतं. आता मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांना शिकवतो.

जे आत्ता शिकताय त्यांना एवढंच म्हणेन: छात्रसेवाकालात (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाच्या काळात) पाठ टाचणं पूर्ण करायच्या घाईत मुलांच्या चुका पुसून टाकू नका, उतरवून घ्या. पियाजे, वायगॉट्स्की त्यानंतर वाचा. गाईड टीईटीच्या ३० गुणांपुरतं ठेवा. आणि जमलं तर पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी काय केलं ते जरूर वाचा. गुरं चारणारी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी कुरणशाळा काढून शाळाच कुरणात नेली.

गेल्या आठवड्यात टोळ्या परतायला लागल्या. तो पहिल्या बाकावरचा मुलगाही आलाय, रापलेला, उंच झालेला. मी विचारलं, त्रेसष्ट लिही. त्याने माझ्याकडे पाहिलं, थोडा थांबला आणि लिहिलं ३६. वहीत आजची तारीख टाकून त्याचं पान पुन्हा उघडलंय. काड्यांचे गठ्ठे कपाटातच आहेत.